वांटणीचें शास्त्र

संगणकाकडून काम करवून घेणारी आज्ञावली एकट्यानें लिहिणें सोपें नसलें तरी साध्य असतें. पंचाईत होते ती अनेकांनीं मिळून लिहितांना. एकानें फेरफार केला कीं दुसऱ्याचें बिघडतें. १९६८ सालीं जर्मनींतील गार्मिश येथें ह्या प्रश्नावर तज्ज्ञांची परिषद भरली. तिच्या नांवांत ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे शब्द मुद्दाम घातले होते. पुलाप्रमाणें आज्ञावलीहि शास्त्रशुद्ध रीतीनें बांधतां यावी, ही आकांक्षा. परंतु नांव देणें वेगळें आणि तें वर्गांत शिकवणें वेगळें!

अमेरिकेंतील कार्नेगी-मेलन विद्यापीठांत डेव्हिड पार्नास ह्यांनीं पदवीच्या विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करवून घेतला. काम साधेंच : शब्दसूची तयार करणें. त्याचे भाग पाडून विद्यार्थ्यांकडे सोंपवले. प्रत्येक भागानें काय करावें, एवढेंच लेखी दिलें. शेजारचा भाग आंतून कसा रचला आहे, हें त्यांत नव्हतें. विद्यालयांत ही लपवाछपवी चमत्कारिक वाटेल खरी. पण १९७२ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष पाहा : स्वतंत्रपणें लिहिलेल्या १५ भागांतून सारखेंच काम करणाऱ्या १९२ आज्ञावली जुळवतां येत होत्या.

त्याच वर्षींच्या दुसऱ्या लेखांत त्यांनीं वांटणीचें तत्त्व सांगितलें. कामाच्या टप्प्यांवरून भाग पाडूं नयेत. जो निर्णय पुढें बदलण्याचा संभव आहे, तो एकेका भागाच्या पोटांत दडवावा. मग बदलाच्या वेळीं तेवढाच भाग पुन्हां लिहावा लागतो. शेजाऱ्यांना झोपेंतून उठवावें लागत नाहीं.