सरासरीच्या रकान्यातला माणूस : पाळवणकर बाळू

१/ मोहने असो वा दादर, मैदानावरून परतणाऱ्या गोलंदाजाला प्रश्न एकच विचारला जातो : धावा किती दिल्या, बळी किती घेतले? या दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे गोलंदाजीची सरासरी. जितकी कमी, तितकी चांगली. आजचा थ्रेड या सरासरीविषयी आणि तिच्यात न मावलेल्या एका कारकिर्दीविषयी.

२/ बेसबॉलमध्ये या मोजमापाचे एक भावंड आहे. चेंडूफेक करणाऱ्या पिचरने दिलेल्या धावांतून क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळतात. उरलेल्या धावांना ९ ने गुणून त्याने टाकलेल्या डावांनी भागतात. अमेरिकेच्या नॅशनल लीगने १९१२ मध्ये ही आकडेवारी अधिकृत केली. १९६८ मध्ये बॉब गिब्सनने १.१२ ची सरासरी नोंदवली.

३/ क्रिकेट गोलंदाजाला अशी सवलत देत नाही. झेल दुसऱ्याच्या हातून सुटतो, त्यानंतरच्या धावा मात्र गोलंदाजाच्याच नावावर चढतात.

४/ आता १९११ कडे वळू. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. १४ प्रथमश्रेणी सामन्यांपैकी १० हरला, केवळ २ जिंकला. या पराभूत संघातील एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यांचे नाव पाळवणकर बाळू. वय ३५.

५/ बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाडला, चांभार कुटुंबात झाला. पुण्यात युरोपियनांच्या क्लबमध्ये ते महिना ४ रुपयांवर मैदानाची निगा राखत. खेळपट्टी तयार करायची, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्यांचे काम. कॅप्टन ग्रेगसारख्या निष्णात फलंदाजाला तासन्‌तास गोलंदाजी करता करता त्यांची कला घडली.

६/ पुढे पुण्यातील हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत; चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. या विसंगतीसाठी धावफलकावर रकाना नव्हता.

७/ १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. राज्यकर्त्यांवरील विजय म्हणून तो देशभर गाजला.

८/ तरीही कर्णधारपद? सरासरीच्या निकषावर दावा निर्विवाद होता. निवड मात्र सरासरीवर होत नव्हती. १९२० मध्ये या प्रश्नावरून त्यांच्या बंधूंनी संघातून माघार घेतली. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले, तेही कारकीर्द मावळताना. १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्या भावाला नाकारलेले पद धाकट्याला मिळाले, त्यामागे ही झुंज होती.

९/ बाळूंची प्रथमश्रेणी कारकीर्द : ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ चा. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. म्हणून कसोटीच्या कोणत्याही यादीत ते सापडत नाहीत.

१०/ बेसबॉलचा हिशेब एक गोष्ट मान्य करतो : इतरांच्या चुकांचे ओझे खेळाडूवर टाकू नये. बाळूंच्या वाट्याला आलेली चूक क्षेत्ररक्षकांची नव्हती, समाजाची होती. ती वजा करण्याचे सूत्र कोणाकडेच नव्हते. तेव्हा १५.२१ हा आकडा वाचताना, तो कोणत्या परिस्थितीत उभा राहिला हेही सोबत वाचावे. आणि भारताच्या थोर फिरकीपटूंची यादी पुढच्या वेळी कराल, तेव्हा तिची सुरुवात १९३२ च्या आधीपासून करा.