तारेचा कस

तांबटाची हातोडी पत्र्यावर पडू लागली की तांबे चांगले की भिकार, हे त्याला कळते. तांबे चिरले नाही, म्हणजे चांगले. जंत्रीतून तार ओढणारा कारागीरही हीच परीक्षा लावी. तार तुटली नाही, म्हणजे धातू उत्तम. ह्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले तांबे नापास करणारी नवी कसोटी गेल्या शतकाआधीच्या शतकात निघाली. ती विजेची.

समुद्रतळाशी तारायंत्राची तार टाकण्याचा उद्योग इंग्लंडात चालू होता. तांबे वजनावर आणि जाडीवर घेतले जाई. तांबे ते तांबेच, अशी व्यापाऱ्यांची समजूत. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) ह्यांनी १८५७ साली निरनिराळ्या तारा मोजून पाहिल्या, तेव्हा दिसायला सारख्या असलेल्या तारांच्या वीजवहनशक्तीत मोठी तफावत आढळली. कारण पुढे मॅथिसन ह्यांच्या प्रयोगांनी उलगडले. तांब्यात शेकड्याला अर्ध्याहून कमी सोमल असला, तरी त्याची वहनशक्ती निम्म्याच्या आसपास घसरते. गंमत अशी की, सोमलाने तांबे चिवट होते आणि त्यासाठीच आगगाडीच्या इंजिनांच्या भट्टीला सोमलयुक्त तांबे मुद्दाम वापरीत. जो गुण भट्टीत भूषण, तोच तारेत दोष!

१८५८ साली अटलांटिकखालून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश गेला. त्याला सुमारे १६ तास लागले! थोड्याच आठवड्यांत ती तार मुकी झाली. तिच्या मृत्यूचे खापर तांब्यावर फोडणे अन्यायाचे होईल. आवरणातील दोष आणि अविचाराने दिलेला विजेचा जबर दाब, ही खरी कारणे. परंतु धडा घेतला गेला. पहिल्या तारेत दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबे होते, १८६६ च्या यशस्वी तारेत ३०० पौंड, आणि ते वहनशक्ती तपासून घेतलेले.

पण शुद्ध तांबे आणायचे कोठून? १८६५ साली जेम्स एल्किंग्टन ह्यांनी विजेनेच तांबे शुद्ध करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. अशुद्ध तांब्याची पाटी द्रावणात बुडवून प्रवाह सोडायचा. तांबे समोरच्या पाटीवर जाऊन बसते, मळ खाली राहतो, आणि त्या मळात सोने-चांदीही सापडते. वीज वाहण्यासाठी लागणारे तांबे वीजच धुऊन देऊ लागली. १९१३ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले आणि त्या काळच्या चांगल्या तांब्याला शंभर गुण दिले गेले. आजचे तांबे १०१ च्या घरात जाते. आपण ‘शंभर नंबरी’ म्हणतो, त्याच्याही पलीकडे!

ह्या मापावर ॲल्युमिनियमला ६१ गुण. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू ह्यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, तो स्वस्तात काढण्याची एकच रीत शोधली. गुण कमी म्हणून तार जाड घ्यावी लागते. तरीही सारखाच प्रवाह वाहणारी ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेच्या निम्म्याच वजनाची भरते. ताणाला ती कच्ची, म्हणून मध्ये पोलादी गाभा घालून भोवती ॲल्युमिनियमचे वेढे देतात. डोंगरदऱ्यांवरून गेलेल्या आपल्या उच्चदाबाच्या तारा बहुतेक ह्याच जातीच्या.

आपल्याकडे तांबे थोडे, बॉक्साइट मुबलक. १९४३ मध्ये केरळात आलुव्याजवळ, १९५९ मध्ये हिराकूडला आणि १९६२ मध्ये रेणुकूटला ॲल्युमिनियमचे कारखाने निघाले. परकीय चलनाच्या त्या टंचाईत तांबे बाहेरून आणणे परवडत नव्हते. खेडोपाडी वीज गेली ती मुख्यतः ॲल्युमिनियमवरून, आणि घराघरांच्या भिंतींतही तोच शिरला. ह्या धातूला पुष्कळांनी नावे ठेवली. मला ती सगळी पटत नाहीत. दोष तारेच्या अंगात कमी, सांध्यात अधिक. ॲल्युमिनियमवर हवेने क्षणात न वाहणारा पापुद्रा धरतो. स्क्रूखाली दाबला की तो हळूहळू चेपतो, सांधा ढिला होतो, तापतो. अमेरिकेत १९६५ ते १९७३ च्या दरम्यान बांधलेल्या अनेक घरांत ह्याच कारणाने आगी लागल्या. तेथेही तार मधोमध जळाली नाही. जळाले ते बटणापाशीचे टोक.