उत्पन्नाचा दाखला : सातारा-सांगलीकडील एक हकीकत

मुलास फीची माफी हवी असेल तर बापाचे दारिद्र्य कागदावर सिद्ध झाले पाहिजे, ही अट आपल्या भागाच्या अंगवळणी पडून साठांहून अधिक वर्षे लोटली. कित्येक ज्ञातिबांधवांच्या घरचा पहिला पदवीधर या एका कागदाने घडविला व कित्येकांचे शिक्षण त्याच्यावाचून अडले. म्हणून त्याची हकीकत या स्मरणिकेत नमूद असावी.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास छत्रपती शाहू बोर्डिंग स्थापिले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व श्रम करून शिकत. विद्येसाठी जो कुदळ हाती घेतो, त्याच्या बापाची मिळकत विचारण्याची गरज उरत नाही, असे आम्हांस वाटते. परंतु सरकारास असे चालत नाही. त्यास रेषा आखावी लागते. देवराष्ट्र्याचे सुपुत्र यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांस फीमाफी मिळू लागली व ‘बाराशे रुपयांच्या आतले उत्पन्न’ हा शब्दप्रयोग घरोघरी रूढ झाला. १९४९ साली साताऱ्यातून निघालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले, तोही हाच काळ.

नोकरदाराची पडताळणी सोपी होती. कचेरीने वा कारखान्याने पगाराचा दाखला दिला की काम झाले. त्यात एक रुपयाही लपत नाही. शेतकऱ्याचे तसे नव्हे. सात-बाऱ्यावर क्षेत्र व पीक दिसते, पैसा दिसत नाही. कृष्णाकाठचा वाळव्याचा एकर आणि माण किंवा जतचा एकर कागदावर सारखाच. घरी खाल्लेली ज्वारी उत्पन्नात धरावी काय? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, तेव्हा ताडून पाहण्यास विवरणपत्रही नसते. तहसीलदाराची सही होते खरी, तथापि तिच्याखालचा आधार म्हणजे तलाठ्याची चौकशी (या पदास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) व बापाचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र. परिणामी बागायतदार कागदोपत्री गरीब ठरू शकतो, आणि ठराविक पगाराचा शिपाई मर्यादेच्या किंचित वर जाऊन माफीस मुकतो.

१९९२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या मंडल निकालानंतर १९९३ साली इतर मागासवर्गीयांसाठी उन्नत गटाचे निकष ठरले. त्या उत्पन्नाच्या कसोटीत पगार व शेती ही दोन्ही उत्पन्ने धरावयाची नाहीत, असे ठरविण्यात आले. २०१७ पासून ती मर्यादा आठ लाख रुपये आहे. फीच्या सवलतीस मात्र घरचे सारे उत्पन्न मोजतात. हे दोन दाखले एकच समजून अनेक पालक चुकीचा कागद घेऊन येतात व मुदत टळते.

सर्वांत बिकट गत ऊसतोड्याची. जत-आटपाडीकडचे कुटुंब हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेते व मग ती कोयत्याने फेडते. त्यास पगारपत्रक नाही आणि जमीन असली तर ती भाऊबंदांत सामाईक. ती उचल उत्पन्न म्हणावी की कर्ज? अर्जाच्या नमुन्यात या प्रश्नास रकाना नाही. आमच्या शिष्यवृत्ती समितीपुढे असा अर्ज आला, की आम्ही दाखल्याआधी त्या घरी जाऊन येतो.