जावा, मोबिल आणि काकांचा सिनेमा

गेले चार वीकेंड मी गायब होतो. पुण्याहून नांदेड, तिथून किनवटच्या दिशेने इस्लापूर, आणि रविवारी रात्री परत. ऑफिसात सगळ्यांना वाटतंय माझं लग्न ठरतंय. तसं काही नाही मंडळी. मी आजोबांची जावा खोलत होतो.

इस्लापूर म्हणजे सहस्रकुंड धबधब्याच्या अलीकडचं गाव, एवढं सांगितलं की नांदेडकरांना कळतं. बाकीच्यांसाठी: १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यातून "इस्लापूर सर्कल" कापून इकडे जोडलं, आणि त्या कायद्यात आमच्या गावाचं नाव चक्क छापलेलं आहे. माझ्या गावाची प्रसिद्धी इथे सुरू होते आणि इथेच संपते. आजोबांचा ओढा मात्र शेवटपर्यंत हैद्राबादकडेच होता. जावाही त्यांनी तिथूनच आणली, सेकंडहँड, १९७४ च्या सुमारास.

जावा हे नाव ऐकून मला लहानपणी इंडोनेशियातलं बेट आठवायचं, कॉलेजात प्रोग्रामिंग लँग्वेज. खरं तर हा दोन नावांचा जोड आहे. प्रागचे शस्त्रास्त्र कारखानदार फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकलचं डिझाइन घेतलं. यानेचेकमधलं "जा" आणि वांडररमधलं "वा". भारतात ही गाडी आणली मुंबईच्या रुस्तम इराणी यांनी. आधी आयात होती, पुढे आयातीवर बंधनं आली, तेव्हा म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना उभा राहिला आणि १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. सत्तरच्या दशकात नाव बदलून येझदी झालं. येझदी म्हणजे इराणमधल्या याझ्द शहराचा. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आता २०१८ पासून जावा आणि २०२२ पासून येझदी ही नावं पुन्हा बाजारात आहेत, पण ती फोर स्ट्रोक, वेगळीच गाडी. असो.

आमची २५० सीसीची, टू स्ट्रोक. गिअरचा दांडा वळवला की तोच किक होतो, हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. ही गाडी १९८१ पासून गोठ्यात उभी होती, इंजिन जाम. आणि तिच्यासोबत घरात एक आरोपही उभा होता. त्या दिवशी गाडी काकांनी नेली होती, वय वर्षं एकोणीस. आजोबांनी पेट्रोल आणि मोबिलचे पैसे दिले. परतीच्या वाटेवर गाडी लॉक झाली, काकांनी ढकलत घरी आणली. आजोबांचा निकाल जागेवरच लागला: कार्ट्याने मोबिलचे पैसे सिनेमात घातले. त्यांनी इंजिन कधी उघडलंच नाही. दुरुस्तीला पैसे नव्हते असं नाही, हट्ट होता. आणि काकांनी नंतर आयुष्यात मोटरसायकलला हात लावला नाही. आजही एसटीने फिरतात.

आता मोबिलचं एवढं काय? टू स्ट्रोक इंजिनात तळाला वेगळं ऑइल भरलेलं नसतं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, मग वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला चाळीस-पन्नास मिली. ते विसरलं की पिस्टन सिलिंडरला घासतो, तापून फुगतो आणि चिकटतो. म्हणजे आजोबांचा तर्क चुकीचा नव्हता. फक्त त्यांनी लॉग फाइल उघडली नाही!

मी उघडली. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला खोल ओरखडे, सिलिंडरला ॲल्युमिनियम लिंपलेलं. यातून जाम झाला एवढंच कळतं, कशाने ते नाही. नांदेडच्या मिस्त्रींनी क्रँक प्रेसवर सुटा केला. खालच्या बेअरिंगचे रोलर आणि पिन शाबूत निघाले, वर वाळलेल्या ऑइलचा लाखेसारखा थर. ऑइल अजिबात नसतं तर हे असे राहिले नसते. प्लगचं टोक पांढरं फटक, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त.

जास्तीची हवा कुठून? उजवीकडे, डायनामोच्या बाजूला, क्रँकला ऑइल सील असतं. क्रँककेस हवाबंद राहावी म्हणून. ते दगडासारखं कडक झालेलं. मी खूश. मिस्त्री म्हणाले, "चाळीस वर्षं पडून राहिल्यावर रबर कडक होणारच, त्याचं काय?" बरोबर होतं. पण शाफ्टवर, सील टेकतं तिथे, बोटाला जाणवेल अशी गोल चर पडली होती. चर पडून राहून पडत नाही, चालून पडते. सील आधीपासूनच हवा सोडत असणार.

मग मी बाबांना फोन लावला. गाडी बंद पडण्याआधी काही वेगळं करायची का? ते लगेच म्हणाले, "मूठ सोडली तरी आवाज उतरायचा नाही, आपोआप रेस व्हायची. आजोबा म्हणायचे गाडी जोमात आहे." हवा आत येत असल्याचं हे अगदी पुस्तकी लक्षण. आणि ते काकांनी गाडी नेण्याच्या कित्येक आठवडे आधीपासून होतं! त्या काळी पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ व्हायची, तीही शंका आहेच. ती आता तपासता येत नाही.

मागच्या शनिवारी काकांना गोठ्यात बोलावलं. सील, शाफ्ट, प्लग सगळं पोत्यावर मांडून ठेवलं होतं. ते बराच वेळ उभ्यानेच बघत राहिले.

"काय दाखवू लालास रे?"

मी सगळं समजावलं. चूक सीलची होती काका, तुमची नव्हती. आजोबा असते तर त्यांनाही दाखवलं असतं. काकांनी प्लग उचलून उजेडात धरला, परत ठेवला.

"मोबिल टाकलं होतं मी," ते म्हणाले. मी मान डोलावली. मग हळूच, "पण निम्मंच."

"आणि उरलेले पैसे?"

"सिनेमा."

निम्म्या ऑइलवर बेअरिंग तगलं असेल, फुटक्या सीलसकट पिस्टन तगला नाही. थोडक्यात, बग दोन होते. सील धड असतं तर कदाचित सिनेमा पचला असता. कदाचित.

रिबोअर झालंय, पिस्टन ओव्हरसाइज, दोन्ही सील नवीन. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते मिश्रण आणखी पातळ करतं आणि जुनं रबर खातं, म्हणून पाइप बदलले आणि कार्ब्युरेटरचा जेट थोडा मोठा घातला. रविवारी सकाळी पेट्रोल भरायला बसलो तेव्हा काका आले. माझ्या हातातून मापाची बाटली घेतली, पन्नास मिलीच्या रेघेवर डोळा लावला, आणि प्रत्येक लिटरमागे स्वतः ओतलं. पाचव्या लिटरनंतर म्हणाले, "थोडं जास्तच टाकू का?"

नको म्हटलं.