माघ कोणता?

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे संत्र्याचा बगिचा फुललेला पाहायला कधी यावे, असे कोणी विचारले की मी तारीख सांगत नाही. त्यामागे थोडा इतिहास आहे.

दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळात संत्र्याचे रोप औरंगाबादेकडून नागपुरास आले, असे सांगतात. तेव्हा हा मुलूखही नागपूरकर भोसल्यांचाच. १८५४ साली राज्य खालसा झाले, मध्यप्रांत झाला, तरी आमचे नागपूर तुटले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मात्र विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला. काटोलचा बगिचा एका राज्यात, आमचा दुसऱ्या. बहार तेवढा दोन्हीकडे एकच.

कचेरीची भाषा बदलली हे सारेच सांगतात. पण कित्येक घरांत भिंतीवरचे पंचांगही बदलले. मराठी महिना अमावास्येला संपतो, हिंदी महिना पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोघांचा एकच. वद्य पक्षात मात्र नाव फिरते. आपले माघ वद्य ते त्यांचे फाल्गुन कृष्ण.

माझी आत्या जबलपूरला दिलेली. घर मराठी, पण पंचांग तिकडचे. १९७० नंतरची गोष्ट. माहेरचा बगिचा फुललेला पाहायची तिला फार इच्छा. वडिलांनी कार्ड टाकले, 'माघ वद्य पंचमीस ये.' आत्या छोट्या गाडीने, दोन ठिकाणी गाडी बदलत आली, ती बरोबर एक महिना आधी! तिकडचे माघ कृष्ण म्हणजे आपले पौष वद्य.

त्या दिवसांत बगिचा ताणावर असतो. आंबिया बहारासाठी पाणी तोडलेले, पाने मलूल झालेली. झाडाला असे उपाशी ठेवल्याशिवाय ते भरभरून फुलत नाही. आत्या धुऱ्यावर उभी राहून बघतच राहिली. वडिलांना राहवेना. म्हणाले, "आजच पाणी सोडतो, तू तीन-चार आठवडे राहा." आत्या म्हणाली, "नको रे दादा, ताण अर्धा मोडला तर बहार फसेल. तुझ्या घरात खाणारी तोंडं किती!" चौथ्या दिवशी ती परतली.

पुढे वडिलांनी कार्डावर तिथी लिहिणे सोडले. 'शिवरात्रीच्या आठ-दहा दिवस आधी ये,' एवढेच लिहीत. शिवरात्र दोन्ही पंचांगांत एकाच दिवशी येते. दोन वर्षांनी आत्या आली. पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता, मधमाश्यांचा गुंजारव चालला होता. ती झाडाखाली बसली ती उठेना.

आत्या आता नाही. तिची ती छोटी गाडी २०१५ साली बंद झाली. २०२३ साली आमचा पांढुर्णा जिल्हाही वेगळा झाला. पण अधिक महिना आला की तिथी सरकते, थंडी लांबली की फूल सरकते. म्हणून विचारणाऱ्याला मी एवढेच सांगतो : ताण तोडून पाणी सोडले की कळवतो; त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी या.