गाटर कोनता टाकाचा?

मागच्या मे महिन्यात चंद्रपूरला मामाकडे गेलो होतो. (मे मध्ये चंद्रपूरला जाणारा माणूस एकतर भाचा असतो नाहीतर वेडा. मी दोन्ही.) जुन्या घरातली एक सागवानी तुळई भिंतीतल्या ओलीमुळे टोकाला कुजली होती. ती काढून लोखंडी घालायचं ठरलं. मिस्त्रीनं मलाच विचारलं, "भाऊ, गाटर कोनता टाकाचा? आयचा का सीचा?"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पण मामाच्या लेखी इंजिनियर म्हणजे इंजिनियर! इज्जतीचा सवाल होता, म्हणून रात्री बसून वाचलं. आणि बीमचा आकार शोधता शोधता थेट चांदा जिल्ह्याच्या इतिहासात जाऊन पोचलो.

आधी तुळईचं बघू. ती चौकोनी का? कारण ओंडका गोल असतो आणि करवत सरळ चालते. बस्स. पण भार आला की तुळईची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधलं लाकूड वाकण्याविरुद्ध फारसं काही करत नाही. (प्रत्येक टीममध्ये असे दोघं-तिघं असतातच.) ते कोरून काढण्यात अर्थ नाही. लोखंडाला मात्र तापवून, खाचा असलेल्या रुळांमधून दाबून हवा तो आकार देता येतो. मग वरखाली जाड पट्ट्या ठेवायच्या आणि मध्ये पातळ पत्रा. झाला आय-बीम.

१९६४ च्या एसपी-६ हँडबुकात २०० मिलिमीटर उंचीचा मीडियम बीम मीटरला २५.४ किलो भरतो. तेवढ्याच उंचीचा सी-चॅनेल २२.१ किलो. म्हणजे चॅनेल १३ टक्के हलका, पण वाकण्याच्या ताकदीत सुमारे १९ टक्के कमी. शिवाय चॅनेल एका अंगाला उघडा, त्यामुळे मधोमध भार टाकला तरी तो पिळवटतो. आणि हाच आय-बीम आडवा झोपवला तर त्याची ताकद साडेसातपट घटते! आकार इतका महत्त्वाचा.

मी ऐटीत सांगितलं, "आय घ्या, पण लाइट बीम. १९.८ किलोचा. आपल्या भाराला पुरतो." मिस्त्री हसला. "तो भेटतच नाही भाऊ. मीडियमच येते."

इथे माझी ट्यूब पेटली. तक्त्यात आहे ते सगळं बाजारात नसतं. रुळांचा प्रत्येक संच महाग, म्हणून गिरणी मोजकेच आकार काढते. ब्रिटननं १९०३ मध्ये पहिलं प्रमाण ठरवलं तेव्हा पोलादी आकारांची संख्या १७५ वरून ११३ वर आणली. थोडक्यात, आपण निवडतो ते गिरणीनं आधीच निवडलेल्यातून. मग गिरणी कुठे असावी, हे कोण निवडतं?

तर मंडळी, ती गिरणी आमच्या चांद्याला होता होता राहिली.

१८८२ साली फॉन श्वार्त्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे आणि वरोऱ्याला कोळशाची खाण आहे, असं त्यात होतं. टाटांच्या डोक्यात पोलाद शिरलं ते इथून. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कोकसाठी चालेना. पुढे १९०३-०४ मध्ये दोराबजी टाटा, शापुरजी सकलातवाला आणि अमेरिकन भूवैज्ञानिक वेल्ड यांनी चांद्याचं जंगल तुडवलं. खनिज होतं, पण मोठा कारखाना उभा राहील असं जमेना. दोराबजी नागपूरला सरकारी साहेबांना भेटायला गेले. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला समोरच्या संग्रहालयात शिरले. (हाच आपला अजबबंगला!) तिथल्या भूगर्भ नकाशावर दल्ली-राजहराचे लोहखनिजाचे डोंगर दिसले आणि शोध पूर्वेकडे सरकला. पुढे प्रमथनाथ बोस यांचं मयूरभंजहून पत्र आलं. अखेर कारखाना झाला साकचीला, आजच्या जमशेदपूरला. तिथे १९१२ साली पहिलं पोलाद निघालं. नकाशावरच्या त्या दल्ली-राजहराचं खनिज १९५९ मध्ये सुरू झालेल्या भिलाईच्या भट्ट्यांत गेलं.

आमच्या जिल्ह्यातून जात राहिलं सागवान आणि कोळसा. मामाचं गाटर ट्रकनं आलं रायपूरकडून.

आता चक्र उलटं फिरतंय. गडचिरोलीत (१९८२ पर्यंत हा चांद्याचाच भाग) सुरजागडच्या डोंगरावर २०२१ पासून पुन्हा लोहखनिज काढलं जातंय. कोनसरीला कारखाना आलाय. मामा खूश, "आता आपलं लोखंड आपल्याकडंच बनन." माझ्या मनात मात्र त्या भागातल्या ग्रामसभा येतात, ज्यांनी या खाणीला वर्षानुवर्षं विरोध केला. त्यांच्यासाठी तो डोंगर देवाचा आहे. १८८२ च्या अहवालाचा प्रश्न 'खनिज किती, कोळसा कसा' एवढाच होता. आज तेवढ्यावर भागणार नाही. नोकरी हवी असणारी पोरंही तिथलीच आहेत आणि डोंगर जपणारी म्हातारी माणसंही. पुण्यात एसीत बसून मी कुणाला अक्कल शिकवू?

असो. आय-बीम बसला, तोही उभा. आणि जुन्या तुळईचा चांगला भाग मामानं कापून घेतला. त्याचा झोपाळा होणार आहे. मधलं निरुपयोगी लाकूडही शेवटी कामाला आलं म्हणायचं.