न पटणाऱ्या वेगाची गोडी

काही चित्रपट माणसे आवडीने पाहतात, मात्र आवडल्याचे चारचौघांत सांगत नाहीत. समीक्षकांनी झोडपलेले, तर्काला खुंटीवर टांगून ठेवणारे आणि तरीही नवा भाग लागला की पावले चित्रपटगृहाकडे वळवणारे जे चित्रपट आहेत, त्यांत ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या हॉलिवूडच्या मोटारशर्यतींच्या मालिकेचे स्थान फार वरचे आहे. २००१ साली सुरू झालेल्या या मालिकेत २०२३ पर्यंत दहा मुख्य भाग आणि एक उपकथा असे अकरा चित्रपट आले. त्यांनी जगभरात मिळून ७०० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. एवढी तिकिटे घेणारे प्रेक्षक नंतर कोठे अदृश्य होतात, हा प्रश्नच आहे.

सीक्वेल म्हणजे मूळ चित्रपटात पाणी घालून वाढवलेली आमटी, असा सर्वसाधारण अनुभव असतो. या मालिकेत मात्र उलटा प्रकार घडला. तिचे पहिले चार भाग बऱ्यापैकी ते सामान्य या पट्ट्यात मोडतात. पाचव्या भागापासून तिने शक्याशक्यतेचा विचार सोडून दिला आणि तेथूनच ती खऱ्या अर्थाने रंगली.

मालिकेचे मूळ एका मासिक-लेखात आहे. अमेरिकेतील ‘व्हाइब’ या नियतकालिकात १९९८ साली पत्रकार केनेथ ली यांनी न्यूयॉर्कमधील बेकायदा रस्ताशर्यतींवर लिहिले होते. त्यावरून ‘युनिव्हर्सल’ने चित्रपट काढायचे ठरवले, दिग्दर्शन रॉब कोहेन यांच्याकडे आले आणि कथा लॉस एंजेलिसला गेली. चित्रपटाचे नावदेखील उसने होते. पन्नासच्या दशकातील रॉजर कॉर्मन यांच्या एका स्वस्त चित्रपटाचे नाव त्यांच्याकडून रीतसर मिळवण्यात आले. कथेची चौकट तर १९९१ च्या ‘पॉइंट ब्रेक’शी इतकी जुळते की, लाटांवर स्वार होणाऱ्या दरोडेखोरांना मोटारीत बसवले एवढाच फरक राहतो. ब्रायन ओकॉनर (पॉल वॉकर) हा तरुण पोलीस वेषांतर करून शर्यतबाजांच्या टोळीत शिरतो आणि टोळीचा म्होरक्या डॉमिनिक टोरेटो (व्हिन डिझेल) याचा मित्र होऊन बसतो. पुढे पाणबुड्या आणि उपग्रहांशी झुंजणारी ही मंडळी पहिल्या भागात ट्रक अडवून डीव्हीडी प्लेअर लुटत होती, हे आज आठवले तरी गंमत वाटते. सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने २० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला.

हसवणारा वायू

पहिल्या भागाने एका रासायनिक पदार्थाला नायकपद दिले. तो म्हणजे नायट्रस ऑक्साइड. दंतवैद्य ज्याचा ‘हसवणारा वायू’ म्हणून वापर करतात, तोच हा. हवेत वजनाच्या हिशेबाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तर या वायूत सुमारे ३६ टक्के. इंजिनात शिरल्यावर उष्णतेने त्याचे विघटन होते, जादा ऑक्सिजन मोकळा होतो आणि तेवढे जादा इंधन जाळता येते. शिवाय द्रवरूपातून वायुरूपात येताना तो आत येणारी हवा थंड करतो, म्हणजे ती अधिक दाट होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी उंचावरच्या विरळ हवेत हीच युक्ती वापरली होती. इथपर्यंत शास्त्र बरोबर आहे. पण या वायूचा खरा परिणाम काही सेकंदांचा आणि दिसायला अगदी साधा असतो. पडद्यावर मात्र बटण दाबताच रस्त्यावरचे दिवे प्रकाशाच्या रेघा होतात आणि मोटार जणू दुसऱ्या मितीत शिरते. पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची शर्यत तयारीच्या मोटारीला दहा-बारा सेकंद पुरते. चित्रपटात तेवढ्यात संवाद होतात, इंजिनाच्या पोटातून कॅमेरा फिरून येतो आणि चालक इतक्या वेळा गिअर बदलतो की, कोणत्या कारखान्याने इतके गिअर दिले असा प्रश्न पडावा. जाणकारांची करमणूक होते ती येथेच. अतिशयोक्ती सगळ्यांनाच कळते, पण ती नेमकी कोठून सुरू झाली हे ओळखण्याचा आनंद मोटारवेड्यांना वेगळा मिळतो.

दुसरा भाग २००३ साली जॉन सिंगल्टन यांनी मायामीत चित्रित केला. व्हिन डिझेल त्यात नव्हता. तिसरा ‘टोकियो ड्रिफ्ट’ (२००६) तर मूळ नट जवळजवळ सगळेच वगळून जपानला गेला आणि सुमारे १६ कोटी डॉलरवर थांबला. मालिकेतील हा सर्वांत कमी कमाईचा चित्रपट. त्याचे महत्त्व मात्र मोठे आहे. मालिकेला पुढे आकार देणारे दिग्दर्शक जस्टिन लिन आणि पटकथाकार ख्रिस मॉर्गन या भागात आले. मागची चाके मुद्दाम घसरवून, सुकाणू उलट दिशेला धरून वळण घेण्याची जपानी ‘ड्रिफ्ट’ कला या चित्रपटाने जगभरच्या प्रेक्षकांपुढे नेली. या कलेचा राजा मानला जाणारा केइची त्सुचिया एका दृश्यात कोळी होऊन, नवशिक्या नायकाच्या ड्रिफ्टवर नाक मुरडताना दिसतो.

आणखी एक गोष्ट तेथे घडली. संग कांग या नटाने केलेला ‘हान’ लोकांना इतका आवडला की, तिसऱ्या भागात मरूनही तो चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या भागात हजर झाला. त्यासाठी हे तिन्ही भाग ‘टोकियो ड्रिफ्ट’च्या आधी घडतात, असे ठरवून टाकण्यात आले. नवव्या भागात तर तो मुळात मेलाच नव्हता असे कळते. चौथ्या भागात गेलेली लेटी (मिशेल रॉड्रिग्ज) सहाव्यात स्मृती हरवून परतते. हानचा खुनी म्हणून आलेला डेकर्ड शॉ (जेसन स्टॅथम) आठव्या भागात नायकाच्या तान्ह्या मुलाला वाचवतो आणि पंगतीला बसतो. ‘अमर अकबर अँथनी’वर वाढलेल्या भारतीय प्रेक्षकाला यात काहीच परके वाटू नये. नवव्या भागात नायकाचा दुरावलेला भाऊ उगवतो, तेव्हा तर खात्रीच पटते.

वजन खरे, बाकी खोटे

२०११ चा ‘फास्ट फाइव्ह’ हा मालिकेचा मध्यबिंदू. शर्यती मागे पडल्या आणि दरोडा पुढे आला. ड्वेन जॉन्सनच्या रूपाने टोरेटोच्या तोडीचा प्रतिस्पर्धी मिळाला आणि आधीच्या चार भागांत विखुरलेली पात्रे रिओमध्ये एकत्र आली. शेवटच्या प्रसंगात दोन मोटारी एक अवाढव्य तिजोरी दोरखंडांनी ओढत शहरभर फिरवतात. दोन मोटारींना ते ओझे इतक्या वेगाने ओढणे शक्य नाही, हे सांगायला अभियंता नको. पण तिजोरी खरी होती. चित्रीकरणासाठी अनेक तिजोऱ्या बनवल्या गेल्या, त्यांतली एक तर आत चालक बसवून स्वतः धावणारी होती. ती ज्या गाड्यांवर आदळते त्या खरोखर चेपतात. सहाव्या भागात महामार्गावरून जाणारा रणगाडा खऱ्या मोटारींवरून गेला. सातव्यासाठी मालवाहू विमानातून मोटारी खरोखर आकाशात सोडल्या गेल्या आणि डोक्याला कॅमेरे बांधलेल्या छत्रीधारकांनी त्यांच्यासोबत उडी घेऊन दृश्ये टिपली.

या चित्रपटांच्या गोडीचे मर्म येथे आहे. प्रसंग अशक्य असतो, पण लोखंडाचे वजन शक्य कोटीतले असते. बुद्धी ‘नाही’ म्हणत असताना डोळे ‘हो’ म्हणतात आणि प्रेक्षक त्या दोघांच्या भांडणात मजेत बसतो. सहाव्या भागात विमान धावपट्टीवर इतका वेळ धावत राहते की, ती धावपट्टी जवळपास ३० किलोमीटर लांब असावी लागेल, असा हिशेब हौशी लोकांनी मांडला. हा हिशेब करणारे चित्रपटाचे शत्रू नव्हते. बहुधा दोनदा तिकीट काढलेले होते.

दुसरे मर्म गांभीर्यात आहे. सगळे हास्यास्पद घडत असताना पात्रे मात्र हसत नाहीत. टोरेटो ‘कुटुंब’ हा शब्द एखाद्या कीर्तनकाराने नामस्मरण करावे तसा उच्चारतो. प्रत्येक साहसाच्या शेवटी अंगणात शेगडी पेटते, जेवणाआधी प्रार्थना होते. कृष्णवर्णीय, लॅटिन, आशियाई, गोरे असे सारे एका मेजाभोवती बसतात आणि चित्रपट त्याबद्दल भाषण करत नाही. हॉलिवूडच्या भव्य चित्रपटांत २०११ साली हे दृश्य सर्रास दिसत नव्हते. पडद्यामागे मात्र हे कुटुंब इतर कुटुंबांसारखेच होते. कोणी किती ठोसे खायचे, कोणी कोणाकडून हरायचे नाही, याबद्दल प्रमुख नट आग्रही असत, असे वृत्त ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१९ साली दिले होते.

सातव्या भागाचे चित्रीकरण सुरू असतानाच्या सुट्टीत, ३० नोव्हेंबर २०१३ रोजी, पॉल वॉकर कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा येथे मोटार अपघातात मरण पावला. तो स्वतः गाडी चालवत नव्हता. चालवणारा त्याचा मित्रही दगावला. ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडीचा वेग ८० ते ९३ मैल होता, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता. दिग्दर्शक जेम्स वान यांनी वॉकरचे दोन भाऊ आणि ‘वेटा डिजिटल’ची संगणकीय किमया यांच्या मदतीने चित्रपट पूर्ण केला. ब्रायनला मारायचे नाही, निवृत्त करायचे असे ठरले. शेवटी दोन मोटारी शेजारी शेजारी धावतात, रस्त्याला फाटा फुटतो आणि पांढरी सुप्रा आपल्या वाटेने निघून जाते. तासाभरापूर्वी अबुधाबीत एका गगनचुंबी इमारतीतून दुसरीत उडी मारणाऱ्या मोटारीला हसलेले प्रेक्षक येथे डोळे पुसत होते. चित्रपटाने १५० कोटी डॉलरचा टप्पा पार केला. भारतात तो शंभर कोटी रुपयांच्या पुढे गेला. त्यात अली फजल छोट्या भूमिकेत होता, पण केवळ त्यासाठी कोणी गेले असेल असे नाही.

त्यानंतर उतार लागला. आठव्या भागाने (२०१७) १२० कोटींहून अधिक डॉलर मिळवले खरे, पण नवव्यात (२०२१) रॉकेट बांधलेली पाँटियाक फिएरो अंतराळात गेली आणि पात्रे स्वतःच ‘आपण कधी मरत कसे नाही’ अशी चर्चा करू लागली. तेथे धागा तुटला. हसायचे काम प्रेक्षकाचे होते, ते चित्रपटाने स्वतःकडे घेतले. दहावा भाग (२०२३) सुमारे ३४ कोटी डॉलर खर्चून ७० कोटींच्या आसपास थांबला. जेसन मोमोआचा नखरेल खलनायक सोडला तर त्यात नवे फारसे काही नव्हते.

पडद्याबाहेरचा रस्ता

हा आनंद चोरटा का मानावा? चित्रपट बाळबोध आहे म्हणून लाजण्याचे कारण नाही. बाळबोध गोष्टी जगात पुष्कळ आहेत. संकोच वाटावा असे कारण पडद्याबाहेर आहे. हार्वर्डचे डॉ. अनुपम जेना आणि सहकाऱ्यांनी मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी परगण्यातल्या वेगमर्यादा-भंगाच्या नोंदी तपासल्या आणि २०१८ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये निष्कर्ष मांडले. या मालिकेचा नवा भाग प्रदर्शित झाल्यानंतरच्या आठवड्यांत पकडल्या गेलेल्या चालकांचा वेग मर्यादेपेक्षा सरासरी सुमारे १६ मैलांनी जास्त असण्याऐवजी १९ मैलांनी जास्त आढळला. ‘द हंगर गेम्स’च्या प्रदर्शनानंतर असे काही दिसले नव्हते. अर्थात एका परगण्याच्या आकड्यांवरून साऱ्या जगाबद्दल बोलता येत नाही, आणि चित्रपट नसते तर तरुणांनी गाड्या हळू चालवल्या असत्या असेही नाही. मुंबईत रात्री मोकळ्या रस्त्यांवर दुचाकींच्या शर्यती लावणाऱ्यांवर पोलिसांना वेळोवेळी कारवाई करावी लागते. त्यांनी प्रेरणा ‘फास्ट’मधून घेतली, २००४ च्या ‘धूम’मधून, की कोठूनच नाही, हे ठरवणे कठीण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणे हा गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा वाढवण्यात आली.

पहिल्या भागातील टोरेटोचे घर आणि त्याच्या कुटुंबाचे दुकान म्हणून दाखवलेली इमारत लॉस एंजेलिसच्या अँजेलिनो हाइट्स या जुन्या वस्तीत आहे. जुन्या लाकडी घरांच्या या शांत भागाला मालिकेने तीर्थक्षेत्राची कळा आणली. चाहते मोटारी घेऊन येतात, दुकानापुढच्या चौकात गाडी गोल गोल घसरवतात, टायरच्या काळ्या खुणा उमटवतात आणि निघून जातात. ऑगस्ट २०२२ मध्ये दहाव्या भागाचे चित्रीकरण तेथे होणार म्हटल्यावर रहिवासी फलक घेऊन रस्त्यावर उतरले. रस्ताशर्यतींत मरण पावलेल्यांची आठवण त्यांनी करून दिली, वेग रोखणाऱ्या उपायांची मागणी केली. चित्रीकरण झाले. रहिवाशांना वैताग आणणारी ती मंडळीही त्या चौकात अधूनमधून येतच राहिली.